पटावरचे नाव आणि वर्गातले मूल



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ बोलावयाचे, तेही त्याच्या विद्यार्थ्यांसमोर, तेव्हा विषय शाळेतलाच असावा असे मला वाटले. म्हणून प्राथमिक शाळेतील लहान मुलाच्या मनाचा विषय मी आजच्या व्याख्यानासाठी निवडला आहे. अलीकडे शासकीय परिपत्रकांतून आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांतून ‘मुलांचे सामाजिक आणि भावनिक स्वास्थ्य’ हा शब्दप्रयोग वारंवार कानावर येतो. तो ऐकून अनेकांचा असा समज होतो की हा विचार नवा आहे आणि कुठून तरी बाहेरून आला आहे. वस्तुस्थिती तशी नाही. वडोदरा, अमरेली, भावनगर, दादर, बोर्डी आणि कोसबाड एवढ्या टापूत, म्हणजे आपल्या घराच्या अंगणातच म्हणा ना, ह्या प्रश्नाचा शंभर वर्षांहून अधिक काळ ऊहापोह झाला आहे. त्यात गुजराती आणि मराठी माणसांनी खांद्याला खांदा लावून काम केले आहे. त्या इतिहासाची उजळणी करावी, आणि त्यातून आपल्या शाळेने काय घ्यावे ह्याचा थोडा विचार करावा, एवढाच माझा हेतू आहे.

सूत्र म्हणून एक साधा भेद सांगतो. मुलाचे नाव शाळेच्या पटावर येणे ही एक गोष्ट आहे आणि ते मूल मनाने वर्गात येणे ही दुसरी. पहिली गोष्ट कायद्याने साधते. दुसरी कशाने साधते, ह्याचा शोध हाच आजचा विषय होय.

कायद्याने आणलेले मूल

ह्या इतिहासाचा आरंभ वडोदऱ्यापासून करणे क्रमप्राप्त आहे. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक बारा वर्षांचा मुलगा दत्तक येऊन ह्या संस्थानच्या गादीवर बसला. तोवर शाळेचा संस्कार त्याच्यावर झालेला नव्हता. इलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली त्याने अक्षरओळखीपासून अभ्यास केला. १८८१ मध्ये राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे हाती आल्यावर त्याच सयाजीराव महाराजांनी प्रजेच्या शिक्षणाकडे जे लक्ष पुरविले, त्याला त्या काळच्या हिंदुस्थानात तोड नव्हती. १८९३ साली त्यांनी अमरेली तालुक्यातील निवडक गावांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. तेरा वर्षांच्या अनुभवानंतर १९०६ मध्ये हा कायदा सबंध संस्थानाला लागू झाला. प्रारंभी मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयोमर्यादा होती. १९११ साली नामदार गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा वडोदऱ्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. ते विधेयक पुढल्या वर्षी फेटाळले गेले. ब्रिटिश सरकार जे करावयास तयार नव्हते ते एका देशी संस्थानिकाने करून दाखविले होते, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि ती सांगण्यासारखीच आहे.

परंतु ह्या कायद्याच्या अंमलबजावणीचा एक भाग आपण सहसा सांगत नाही. मूल शाळेत न आले तर त्याच्या पालकाला दंड होत असे. मूल का येत नसे? कुणब्याच्या घरी तो मुलगा गुरे राखावयास जाई, पेरणी-कापणीच्या दिवसांत शेतावर लागे. मुलगी असेल तर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी बसे, कारण आई मजुरीला गेलेली असे. दंडाने ह्यातले काहीच बदलत नव्हते. पालक मुकाट्याने दंड भरी, किंवा दंडाच्या भीतीने मुलाला शाळेत धाडी. मूल मग शिक्षकाच्या छडीच्या भीतीने वर्गात बसे. अंगठे धरून उभे राहणे, उठाबशा, कान पिळणे हे प्रकार पंतोजीच्या शाळेतून सरकारी शाळेत जसेच्या तसे आले होते. अशा रीतीने घरापासून वर्गापर्यंत सारी साखळी भीतीचीच होती.

ह्यात महाराजांच्या हेतूला उणेपणा आणण्याचा माझा विचार नाही. सक्ती नसती तर हजारो मुलांना, विशेषतः मुलींना, अक्षर दिसले नसते. शिवाय मुलाला गोडीने वाचनाकडे वळवावे ही दृष्टीही त्यांच्या कारभारात होती. १९१० साली अमेरिकेहून आलेल्या बॉर्डन यांनी इथल्या ग्रंथालयव्यवस्थेची घडी बसविली आणि वडोदऱ्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा विभाग वेगळा राखला गेला. तथापि शाळेचा वर्ग आणि ग्रंथालयाचे ते दालन ह्यांच्यातील अंतर अजून मिटावयाचे होते.

गोणपाटावर बसलेला विद्यार्थी

पटावर नाव असूनही मूल वर्गाबाहेरच राहू शकते, ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण ज्यांच्या जीवनात सापडते त्यांचा वडोदऱ्याशी निकटचा संबंध होता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर ह्या विद्यार्थ्याचे नाव दाखल झाले. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळावयास आरंभ केला आहे. नाव नोंदले गेले, शिक्षणाचे दार उघडले. पण दाराच्या आत काय होते?

बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत हे निर्विकारपणे लिहून ठेवले आहे. वर्गात इतर मुलांमध्ये आपल्या क्रमांकाच्या जागी बसण्याची त्यांना मुभा नव्हती. कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा असे. शाळा झाडणारा नोकर त्या तुकड्याला हात लावीत नसे, म्हणून तो रोज संध्याकाळी घरी न्यावयाचा आणि सकाळी परत आणावयाचा. तहान लागली तर शिक्षकाची परवानगी पुरेशी नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच घरी जावे लागे.

ह्या प्रसंगांत कोणी त्या मुलाला मारल्याचा उल्लेख नाही. तरीही नऊ-दहा वर्षांच्या बालकाच्या मनावर रोज उठून किती घाव पडत असतील! विशेष हे की त्यासाठी शिक्षक दुष्ट असण्याची गरज नव्हती. बसण्याची जागा, पाण्याचा नळ, सतरंजी झाडण्याची पद्धत एवढ्या गोष्टी पुरेशा होत्या. ‘तू आमच्यातला नाहीस’ हे मुलाला शब्दाने सांगावे लागत नाही. वर्गाची मांडणीच ते सांगत असते.

वडोदरा संस्थानाने अंत्यज मुलांसाठी शाळा काढल्या आणि १९१३ साली ह्याच विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठविले, हा सयाजीरावांचा मोठेपणा निर्विवाद आहे. पण १९१७ मध्ये तो उच्चविद्याविभूषित होऊन नोकरीसाठी ह्या शहरात आला तेव्हा त्याला राहावयास जागा मिळाली नाही, हेही इथल्याच इतिहासाचे पान आहे. राजाची इच्छा आणि राज्याचा कायदा दोन्ही अनुकूल असून समाजाचे मन बदलले नव्हते. शाळेपुरता त्याचा अर्थ असा, की मुलाच्या भावनिक स्वास्थ्याची पहिली पायरी म्हणजे प्रतिष्ठा. ती नसेल तर पुढच्या साऱ्या गोष्टी व्यर्थ होत.

भावनगरची टेकडी

आता अमरेलीच्या शेजारच्या भावनगरकडे वळू. १९१० साली नानाभाई भट्ट यांनी तेथे दक्षिणामूर्ती ही संस्था स्थापन केली. १९१६ मध्ये वकिली सोडून एक गृहस्थ त्या संस्थेत आले. गिजुभाई बधेका हे त्यांचे नाव. त्यांचा जन्म १८८५ साली आजच्या अमरेली जिल्ह्यातील चितळ गावी झाला. १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि ह्या मुलाला वाढवावे कसे ह्या विचाराने त्यांच्या मनात घर केले. त्या शोधात चरोतरातील वसो येथे मोतीभाई अमीन यांच्याकडून त्यांना मारिया माँटेसोरी यांच्या विचारांची ओळख झाली. हे मोतीभाई म्हणजे वडोदरा संस्थानातील ग्रंथालय चळवळीचे अध्वर्यू. तेव्हा भावनगरच्या ह्या वृक्षाचे एक मूळ आपल्याच संस्थानच्या मातीत आहे.

मारियाबाईंनी १९०७ साली रोममधील सॅन लोरेन्झो ह्या गरीब वस्तीत पहिले बालगृह काढले होते. मूल हे रिकामे भांडे नसून स्वतःच्या गतीने वाढणारा जीव आहे आणि मोठ्यांनी त्याच्या वाटेतून दूर व्हावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. गिजुभाईंनी १९२० साली दक्षिणामूर्तीत बालमंदिर सुरू केले ते ह्या विचाराच्या आधारे. पण त्याचे अंधानुकरण त्यांनी केले नाही. काठेवाडातील गोष्टी, गाणी, खेळ, नाट्यप्रवेश, मातीकाम आणि भटकंती यांना त्यांनी बालमंदिरात मानाचे स्थान दिले. ते बालमंदिर पुढे टेकडीवर वसले. गावातली मुले त्या टेकडीवर आनंदाने जाऊ लागली. भरघोस मिशांच्या ह्या माणसाला लोक कौतुकाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणू लागले.

गिजुभाईंच्या विचारात आजच्या विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली उघड आहे. बालमंदिरात शिक्षा नव्हती. दुसरी गोष्ट आपल्याला अधिक अवघड वाटेल. बालमंदिरात बक्षीसही नव्हते. भीती आणि लालूच ह्या दोन्ही एकाच जातीच्या आहेत असे ते मानीत. शिक्षेने मूल कामापासून पळते आणि बक्षिसाने ते कामाऐवजी बक्षिसाकडे धावते. दोन्ही वेळा कामातला आनंद हरवतो. एकाला बक्षीस देताना बाकीच्यांना आपण काय देतो, हाही प्रश्न त्यातच आला. वरच्या क्रमांकाच्या मुलाला क्रमांक जाण्याची धास्ती आणि खालच्या क्रमांकाच्या मुलाला आपण कमी असल्याची खूण. असे दोन्ही टोकांचे दुःख स्पर्धा एकाच दिवशी वाटून देते.

‘दिवास्वप्न’ हे गिजुभाईंचे छोटे पुस्तक शिक्षकांत सर्वाधिक वाचले गेले. त्यात एक शिक्षक सामान्य सरकारी शाळेच्या चौथीच्या वर्गावर प्रयोग करतो. पहिल्याच दिवशी तो मोठ्या उत्साहाने मुलांना शांततेचा खेळ शिकवू पाहतो आणि त्याची पुरती फजिती होते. मुले हसतात, ओरडतात, वर्ग डोक्यावर घेतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगावयास बसतो आणि तेच मुलांचे टोळके जागच्या जागी स्तब्ध होते. पुढे हा शिक्षक पाठ्यपुस्तकांच्या पैशातून वर्गाचे ग्रंथालय उभे करतो, मुलांच्या नखा-केसांची स्वच्छता पाहतो, खेळ आणि नाटके यांना वर्गात आणतो. सहकाऱ्यांची थट्टा आणि पालकांची कुरकुर त्याला सोसावी लागते. शिस्त आणि आनंद हे परस्परांचे वैरी आहेत, हा समज ह्या पुस्तकाने मोडून काढला. गोष्ट ऐकताना वर्गात जी शांतता होते तीही शिस्तच. फक्त ती मुलाच्या आतून आलेली असते. मुलाला मोकळे सोडणे म्हणजे त्याला मोकाट सोडणे नव्हे, हा भेद गिजुभाईंच्या साऱ्या लेखनात आहे. त्यांच्या नावावर दोनशेच्या आसपास लहानमोठी पुस्तके आहेत. १९३९ साली वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी ते निवर्तले. त्याच वर्षाच्या अखेरीस मारियाबाई हिंदुस्थानात आल्या.

ताराबाई: भावनगरहून दादरला, दादरहून बोर्डीला

ह्या विचाराला मराठीत आणणाऱ्या ताराबाई मोडक यांचे स्थान आमच्यासारख्या बृहन्महाराष्ट्रीयांच्या दृष्टीने विशेष आहे. १८९२ साली केळकर घराण्यात जन्मलेल्या ताराबाई १९१४ मध्ये पदवीधर झाल्या. राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे होते. त्या काळी एका मराठी स्त्रीला हे पद मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हती. ते सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाईंच्या बालमंदिरात आल्या. तीन वर्षांनी, १९२६ मध्ये, नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ‘शिक्षणपत्रिका’ हे संघाचे मासिक गुजरातीत निघत होते. १९३३ पासून ताराबाईंनी ते मराठीतही सुरू केले. आईबापांनी मुलांना मारू नये, खोटी भीती घालू नये, त्यांच्या प्रश्नांना टाळू नये, ह्या गोष्टी मराठी मध्यमवर्गीय घरांत ह्या मासिकाच्या वाटेने पोहोचल्या. १९३६ साली दादरला शिशुविहार उभा राहिला आणि त्याच्या जोडीने शिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही आले.

इथवरचा प्रवास यशाचा होता. तरीही ताराबाईंना एक गोष्ट सलत होती. लाकडी साधने, प्रशस्त जागा, प्रशिक्षित शिक्षिका हे सारे शहरातील सुस्थित घरांच्या आवाक्यातले होते. ज्या मुलांना ह्या विचाराची सर्वाधिक गरज होती, त्यांच्यापर्यंत तो पोहोचलाच नव्हता. भीतिमुक्त बालपण हीही एक विकत मिळणारी वस्तू होऊन बसण्याचा धोका होता. १९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, ताराबाईंनी त्या वेळच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. त्यांच्या सोबतीला पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या अनुताई वाघ होत्या. पुढील सत्तेचाळीस वर्षे अनुताईंनी ह्याच कामात घातली.

ते वर्ष लक्षात घेण्याजोगे आहे. डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध वारली शेतमजुरांचा लढा ह्याच १९४५ मध्ये पेटला. ज्या मुलांसाठी बालवाडी काढावयाची, त्यांचे आईबाप सावकार-जमीनदारांच्या धाकात पिढ्यान्पिढ्या दबलेले होते. कपडे घातलेला, शुद्ध भाषा बोलणारा, गावाबाहेरून आलेला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी भीतीचा विषय होता. मग ती शिक्षिका का असेना. ह्या मुलांना आणावयास माणूस पाठवून भागणार नव्हते. तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. मुलांना न्हाऊमाखू घालणे, केस विंचरणे, खरूज-नायट्यावर औषध लावणे हा पहिला धडा होता. महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, खडे, पाने आणि माती आली. मुलाने घरी जे पाहिले, हाताळले होते तेच शाळेत सापडल्यावर शाळेचे परकेपण निम्मे तरी कमी झाले. अशा अंगणात भरणाऱ्या बालवाडीला ‘अंगणवाडी’ हे नाव पडले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा हेच नाव देशभर गेले. आज खेडोपाडी उच्चारल्या जाणाऱ्या ह्या शब्दात बोर्डीच्या त्या पाड्यांची आठवण आहे.

कोसबाडचे कुरण

१९५७ साली काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. भावनगरच्या टेकडीवरून निघालेला विचार असा पुन्हा एका टेकडीवर आला. येथे दोन प्रयोग झाले आणि माझ्या मते आजच्या विषयाचे मर्म ह्या दोन प्रयोगांत आहे.

पहिला प्रयोग विकासवाडीचा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छताखाली आणण्यात आल्या. कारण साधे होते. मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण धाकटे भावंड तिच्या कडेवर आहे. मग त्या भावंडाचीही सोय करा, म्हणजे ती येईल. येईल एवढेच नव्हे, तर भाऊ सुखरूप आहे हे डोळ्यांनी दिसत असल्यामुळे तिचे मनही वर्गात राहील.

दुसरा प्रयोग कुरणशाळेचा. मुलगे गुरे चारावयास रानात जात. त्यांना शाळेत ओढून आणण्याऐवजी शिक्षकच साधनांची झोळी घेऊन कुरणात गेले. गुरे चरत असताना झाडाखाली गोष्टी, गाणी, अंकमोजणी, परिसराचे निरीक्षण असे सारे चाले.

आता अमरेलीचा १८९३ चा प्रयोग आणि कोसबाडची कुरणशाळा शेजारी ठेवून पाहा. मूल तेच आहे. कारणही तेच आहे: गुरे आणि धाकटे भावंड. एका ठिकाणी त्या कारणाबद्दल पालकाला दंड झाला. दुसऱ्या ठिकाणी त्या कारणाचा शाळेने स्वतःच्या रचनेत समावेश केला. मूल शाळेत का टिकत नाही असे विचारण्याआधी शाळा मुलाच्या आयुष्यात का बसत नाही असे विचारावयास कोसबाडने शिकविले. सुमारे साठ-सत्तर वर्षांत झालेली ही वैचारिक वाटचाल आपल्या शिक्षणाच्या इतिहासातील फार मोठी वाटचाल आहे, असे मी मानतो.

ह्या प्रयोगांची मर्यादाही सांगितली पाहिजे. अशी कामे व्यक्तींच्या तपश्चर्येवर उभी राहतात आणि सरकारी योजनेत शिरली की त्यांचे नाव उरते, प्राण पातळ होतो. अंगणवाडीचे नाव देशभर गेले. पण अंगणातल्या त्या शिक्षिकेला हवा असलेला वेळ आणि मोबदला तिला तितक्या सहजपणे मिळाला नाही. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. १९९२ मध्ये त्यांचेही निधन झाले. सन्मान झाले. अनुकरण मात्र त्या मानाने थोडे झाले.

कायद्याची नवी भाषा

२००९ साली संसदेने बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्यातील सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली. एकोणतिसाव्या कलमात तर अभ्यासक्रम ठरविताना मुलाला भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावे व त्याला आपले विचार मोकळेपणी मांडण्यास मदत करावी, असा निर्देश आहे. १९०६ च्या वडोदऱ्याच्या कायद्यात पालकासाठी दंड होता. २००९ च्या कायद्यात मुलाच्या भीतीचा विचार आहे. ‘सक्ती’ हा शब्द दोन्हीकडे आहे. पण नव्या कायद्यात ती सक्ती मुख्यतः शासनावर आहे. गिजुभाईंनी टेकडीवर जे आरंभिले ते कायद्याच्या पुस्तकात यावयास नव्वद वर्षे लागली.

तथापि कायदा पुन्हा पटापर्यंतच पोहोचतो. ह्याच कायद्याने खासगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखल्या. त्या जागेवर एखादे मूल येते. त्याचा डबा कोणासोबत उघडला जातो? वाढदिवसाला त्याला बोलावणे जाते का? सहलीची वर्गणी न भरल्याबद्दल त्याचे नाव वर्गात मोठ्याने वाचले जाते का? गोणपाट आता दिसत नाही. पण वेगळे बसविण्याच्या अनेक रीती अजून शिल्लक आहेत. भाषेचेही तसेच आहे. वडोदऱ्यात घरी मराठी, गुजराती, सिंधी, हिंदी अशा भाषा बोलणारी मुले एका वर्गात येतात आणि अनेकदा पाचव्याच, इंग्रजी भाषेतून शिकू लागतात. पाच वर्षांच्या मुलाला पोटात दुखते हे सांगावयाचे असते आणि त्यासाठी परवानगी असलेल्या भाषेत त्याच्याजवळ शब्द नसतो. कोसबाडला शिक्षिकेने वारली बोलीतले शब्द आधी स्वतः शिकून घेतले. मुलाच्या घरच्या भाषेत त्याचे दुःख ऐकून घेणारा एक तरी माणूस शाळेत असावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

आणखी एक सावधगिरीची सूचना. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ साली ‘हॅपिनेस’ ह्या नावाचा अभ्यासक्रम सुरू झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सामाजिक-भावनिक शिक्षणावर भर दिला. हेतू स्तुत्य आहे. परंतु मुलाचे ‘भावनिक स्वास्थ्य’ रकाने भरून, श्रेणी लावून प्रगतिपुस्तकात लिहिले जाऊ लागले, तर आनंदी दिसण्याचीही स्पर्धा सुरू होईल. भीती आणि लालूच मागच्या दाराने पुन्हा आत येतील. हा तासिकेचा विषय नाही. तो मधल्या सुट्टीचा, प्रार्थनेच्या रांगेचा, हजेरी घेतानाच्या आवाजाचा विषय आहे.

शिक्षकालाही विसरून चालणार नाही. भावनगर आणि दादर दोन्हीकडे बालमंदिराच्या जोडीने अध्यापन मंदिर उभे राहिले, हा योगायोग नव्हता. ज्या शिक्षकावर वरिष्ठांचा धाक आहे, ज्याच्यापुढे साठ मुलांचा वर्ग आहे आणि ज्याचा निम्मा दिवस कागद भरण्यात जातो, त्याने वर्गात निर्भय वातावरण निर्माण करावे असे सांगणे हा त्याच्यावर अन्याय होय. मुलाच्या मनाची काळजी घेणाऱ्या शाळेला आधी शिक्षकाच्या मनाची काळजी घ्यावी लागते. ह्या बाबतीत आपल्या शहराचे एक सुदैव आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हंसाबेन मेहता कुलगुरू असताना गृहविज्ञानाची विद्याशाखा सुरू झाली आणि तिथे बालविकासाचा शास्त्रीय अभ्यास होत आला. शाळांनी आपल्या शिक्षकांसाठी ह्या शेजाऱ्याचे दार अधिक वेळा ठोठवावयास हवे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती

शेवटी माजी विद्यार्थ्यांशी थोडे मोकळेपणाने बोलतो. शाळेबद्दल कृतज्ञता दाटून आली की आपण काय करतो? आईवडिलांच्या किंवा गुरुजनांच्या नावे पारितोषिक ठेवतो. पहिल्या आलेल्या मुलाला, सर्वाधिक गुण मिळविणाऱ्या मुलीला. त्यामागची भावना पवित्र आहे. पण त्या समारंभात टाळ्या वाजवणारी उरलेली चाळीस मुले दरवर्षी कोणता धडा घेऊन घरी जातात, ह्याचा विचार आपण क्वचितच केला असेल. ‘दिवास्वप्ना’तल्या शिक्षकाने पुस्तकांचे पैसे एकत्र करून सर्वांचे ग्रंथालय केले. त्याच धर्तीवर एखाद्या देणगीतून पहिलीच्या वर्गासाठी गोष्टींची पुस्तके आणि त्या वाचून दाखविणारे एक माणूस मिळाले तर? पहिली-दुसरीच्या वर्गात आणखी एक मदतनीस शिक्षिका मिळाली तर? ज्या घरात संध्याकाळी कोणी नसते त्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर दोन तास एखादी खोली आणि एक मायेचे माणूस मिळाले तर? निवृत्त झालेल्या माजी विद्यार्थ्यांना आठवड्यातून एक तास येऊन गोष्ट सांगावयास तर पैसाही लागणार नाही.

ज्यांच्या स्मृतीला हे व्याख्यान अर्पण केले आहे ते शिक्षक होते. शिक्षकाचे स्मारक कोणते असावे, ह्याला इतिहासाने दिलेले एक उत्तर आपण आज पाहिले. जून महिन्यात शाळा उघडेल तेव्हा पहिलीच्या पटावर नवी नावे चढतील. त्यांतले एखादे मूल दारातच रडत उभे राहील, एखादे कोपऱ्यात गप्प बसेल, एखादे तिसऱ्या दिवशी येणारच नाही. त्याच्या घरी दंडाची नोटीस न पाठवता कोणी तरी विचारपूस करावयास जावे आणि त्याचे गुरू-भावंड कोणते आहे ते पाहून यावे, एवढी व्यवस्था ह्या शाळेत झाली तर आजचे व्याख्यान कारणी लागले असे मी समजेन.